प्रश्न क्रमांक सात

चौऱ्याण्णव साली तुर्भ्याला, मसाला मार्केटच्या मागे,
एका गाळ्याच्या जिन्याखाली मला टेबल मिळालं.
टेबल, ईसीजीचं खोकं, रक्ताच्या नळ्यांसाठी बर्फाची पेटी
आणि हळदीचा असा खकाणा
की पहिल्या वर्षीचे कागद अजून पिवळे आहेत,
जुने झाले म्हणून नव्हे.

प्रश्न साधा होता, निदान अनुदानाच्या अर्जात तरी:
दिवसाला दोनशे पोती उचलणारा माणूस
बेचाळिसाव्या वर्षी छाती धरून का बसतो?
ज्याला व्यायाम करा म्हणता येत नाही
त्याला डॉक्टरने म्हणायचं काय?

चारशे अकरा माथाडी. बहुतेक जावळी-पाटणकडचे.
सहाला या, गाड्या लागायच्या आत, उपाशीपोटी, म्हटलं
तर आले. चहासुद्धा न घेता.
तंबाखू मात्र गालात.

प्रश्नावली परदेशातली. मराठी माझं.
प्रश्न क्रमांक सात:
छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटतं का? हो / नाही.
तीनशे नव्वद जण म्हणाले, नाही.
मी खूश. तक्ता केला, गाइडना दाखवला.
दुसऱ्या वर्षी त्या 'नाही'वाल्यांतले नऊ जण
तपासणीला आलेच नाहीत.
त्यांच्या बायका आल्या, दाखल्यावर सही मागायला.

आनंदा उतेकर, क्रमांक एकशे सतरा,
बाही वर करून बसला होता. दंडाला पट्टा.
म्हणाला, मॅडम, वजन हाय का, काय इचारता?
वजन तर रोजचंच हाय.
कितीचं, ते इचारा.

मी पेन्सिलीने समासात लिहिलं: कितीचं?

मग विचारतच गेले.
साखरेचं? नाही, साखरेचं अंगाला धरून बसतं, गप असतं.
मिरचीचं? ते हलकं, पण श्वास घेऊ देत नाही.
तांदळाचं, जुनं, शंभर किलोचं?
हां. तसं.
पण चढवलं कुणी ते कळत नाही
आणि थप्पी कुठं लावायची, तेही कुणी सांगत नाही.

हे बोलणाऱ्या माणसाची
डावीकडची मुख्य धमनी नव्वद टक्के बंद होती.
तो टेबलाशी उभा राहून बोलत होता. बस म्हटलं तर
म्हणाला, गाडी लागलीये.

निबंध तीनदा परत आला.
एका परीक्षकाने लिहिलं: पोतं हे एकक प्रमाणित नाही.
मी उत्तर टाइप केलं: ज्याने उचललंय त्याच्यासाठी आहे.
पाठवलं नाही.
कोष्टकात किलो घातले. छापून आला.
पुढे परिषदा, शाल, श्रीफळ,
होमोसिस्टीनवर दोन निबंध ज्यांचा आता कुणालाच उपयोग नाही,
स्टेंटवर चार, त्यांचा कंपन्यांना झाला.
आनंदाचं नाव आभारातही नाही.
नावं उघड करायची नाहीत, हा नियम मीच सही करून मान्य केलेला.

रजिस्टरात एक रकाना आहे: संपर्क तुटला.
त्यात एकशे तीन जण.
ते गावी गेले, की खरंच गेले,
हा फरक संख्याशास्त्राला कळतो, असं मी विद्यार्थ्यांना शिकवलं.
मला कळत नाही.

गेल्या महिन्यात सानपाड्याचं ऑफिस रिकामं करताना
एकशे सतरा नंबर दारात उभा. एकाहत्तर वर्षांचा.
दोन स्टेंट, एक काठी, नातवाचा मोबाइल.
मी सवयीने विचारलं, आज कितीचं?
आज? कोथिंबिरीची जुडी.
आणि हसताना त्याला धाप लागली, ती मी मोजली.

त्याने आपला फॉर्म हातात घेतला.
अक्षरं वाचली नाहीत. कागद नाकाशी नेला.
सेलमची हाय, म्हणाला.
राजापुरी असती तर रंग एवढा टिकला नसता.

पेन्सिल सापडेना. पेनानेच
समासात लिहून ठेवलं.